तिसऱ्या मजल्यावरचे ऑफिस

कुंडी पडली तेव्हा चित्रकार साळिंदराच्या पाठीवरचे शेवटचे काटे रंगवत होता. चित्र लांबून कसे दिसते ते बघायला तो जरा मागे सरकला आणि कोपर लागून कोरफडीची कुंडी तिवईवरून खाली आली. चांगला दणका बसला. एरवी घरात कुंडी फुटली तर माणूस हळहळतो, माती भरतो आणि विषय मिटतो. पण हे घर चार महिने बंद होते. घराच्या मालकीण डॉक्टरबाई लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेल्या होत्या, आणि बंद घरात कुंड्या आपणहून पडत नाहीत एवढी अक्कल खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, सोसायटीच्या सेक्रेटरींना होती.

आता चित्रकार तिथे काय करत होता, हे सांगायला हवे. तो नोकरी करत होता. निदान घरच्यांची तशी समजूत होती.

त्याचे स्वतःचे घर त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढायची आणि तीही घरात बसून, म्हणजे इमारतीच्या लेखी हा माणूस रिकामाच. ‘तू घरीच असतोस ना?’ या वाक्याने त्याचा दिवस उजाडायचा. समोरच्या काकूंचे पार्सल त्याने घ्यायचे, कुणाच्या गळक्या नळाखाली प्लंबरसोबत त्याने उभे राहायचे. सेक्रेटरी त्याला पाण्याची मोटर बंद करायला सांगून खुशाल फिरायला जायचे. एकदा टाकी वाहून जिना भिजला तेव्हा जाबही त्यालाच विचारला गेला. आई तर हातात रंगाने भिजलेला ब्रश असताना बरणीचे झाकण उघडायला हाक मारायची. चित्रे मागे पडायची, मुदत चुकायची आणि काम दुसऱ्याकडे जायचे. बायको शाळेत शिकवायची. ती टोचून बोलणाऱ्यांतली नव्हती, पण एके दिवशी तीही म्हणालीच, “एखादी नोकरी बघतोस का रे?”

डॉक्टरबाईंनी निघताना किल्ली अर्थातच त्याच्याकडे दिली. झाडांना पाणी घालायला. तो पाणी घालायला म्हणून वर गेला आणि तिथली शांतता ऐकून खुर्चीत बसूनच राहिला. जेवणाचे टेबल ऐसपैस, खिडकीतून सारखा उजेड, आणि हाक मारणारे कुणी नाही. त्याच आठवड्यात त्याने घरी जाहीर केले की मला नोकरी लागली.

कसली, हे कुणी खोदून विचारले नाही. लागली यातच सगळ्यांना सगळे मिळाले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, आईने भरलेला डबा घेऊन तो पुढच्या जिन्याने उतरायचा, कोपऱ्यावरच्या दुकानाला वळसा घालायचा आणि मागच्या जिन्याने तिसरा मजला गाठायचा. संध्याकाळी हाच प्रवास उलटा. थकल्याचे सोंग करावे लागत नसे, कारण दिवसभर खरेच काम झालेले असायचे. चित्रांचे पैसे आले की तो पगार म्हणून बायकोच्या हातात ठेवायचा. घरात त्याचा भाव वधारला. आई आता झाकणे स्वतः उघडू लागली. ऑफिस म्हटले की साहेब हवा, म्हणून त्याने एक साहेबही उभा केला होता. फार खडूस माणूस. बायकोच्या वाढदिवसाला त्याने अर्ध्या दिवसाची रजासुद्धा दिली नाही, कारण त्या दिवशी एका हत्तीचे काम अर्धवट होते. तेव्हापासून बायको त्या साहेबाच्या नावाने बोटे मोडत होती.

आणि आज सगळेच पणाला लागले होते. प्रकाशनाच्या संपादिका चार वाजता चित्रे न्यायला फाटकापाशी येणार होत्या. पुस्तक आज छपाईला जायचे होते. चित्रे वेळेवर मिळाली तर पुढची सगळी पुस्तकमालिका त्याची, म्हणजे दोन वर्षांचे बांधलेले काम. मग घरच्यांना खरे सांगून टाकायचे, असे त्याने ठरवले होते. नाही मिळाली, तर मग खरोखरीचा साहेब शोधायचा.

तो मातीत गुडघे टेकून कोरफड उचलत होता, एवढ्यात बाहेरून कडी सरकवल्याचा आवाज आला.

“आत कोण आहे?” सेक्रेटरींचा आवाज. “बोला. सगळी इमारत जागी आहे.”

दुपारी तीनला इमारत जागी असणारच. पण चित्रकाराच्या पाचावर धारण बसली. तो चवड्यांवर दारापाशी गेला आणि दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेर सेक्रेटरी क्रिकेटची बॅट घेऊन उभे होते. त्यांच्या मागे काकू होत्या, काकूंच्या मागे चित्रकाराची आई होती, आणि जिन्यातून शाळेची पिशवी खांद्यावर घेऊन बायको वर येत होती.

“काय झालं?” बायकोने विचारले.

“चोर शिरलाय. मी कडी घातलीय, आता सुटत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “किल्ली तुमच्याकडे असते ना?”

“ती ह्याच्या जुडग्यात असते. ऑफिसला घेऊन गेलाय. थांबा, फोन करते.”

चित्रकाराच्या तोंडचे पाणी पळाले. संपादिकांचा फोन चुकू नये म्हणून त्याने आजच आवाज पार चढवून ठेवला होता. टेबलावर रंगांच्या बाटल्यांमध्ये फोन खणखणू लागला. तो धावला, बाटली वाचवली, फोन कापला.

“चोराचा फोन वाजतोय,” काकू म्हणाल्या.

“ह्यानं कापला,” बायको म्हणाली. “मीटिंगमध्ये असेल. पुन्हा लावते.”

पुन्हा वाजला. आवाज बंद करण्याचे बटण सापडेपर्यंत चांगला वाजला.

“बघा, पुन्हा,” सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. “बाहेर साथीदार असणार. ते त्याला फोन करतायत. टोळी आहे.”

सगळ्यांनी जिन्यातून खाली वाकून साथीदार शोधले. तेवढ्यात चित्रकार न्हाणीघरात शिरला, दार लोटले आणि बायकोचा तिसरा फोन उचलला.

“मी मीटिंगमध्ये आहे,” तो कुजबुजला.

“ती सोड. डॉक्टरबाईंच्या घरात चोर शिरलाय. किल्ली घेऊन ये.”

“चोर कशावरून? मांजर असेल.”

“मांजराकडे फोन असतो का रे? लगेच नीघ.”

“साहेब सोडणार नाहीत.”

“त्या साहेबांना म्हणावं, आमच्याकडे दरोडा पडलाय. नाहीतर दे त्यांना फोन, मीच बोलते.”

“नको, नको. निघतो,” तो म्हणाला. निघतो म्हणाला खरा, पण ज्या दारातून आत यायचे त्याच दाराच्या आत तो होता आणि बाहेरून कडी होती. “असं करा, तुम्ही कडी काढा आणि सगळे खाली जा. चोराला जाऊ दे. उगाच जिवावर बेतायचं.”

बायकोने हा निरोप सांगितला. सेक्रेटरींना तो पटला नाही. “ऑफिसात बसून म्हणायला काय जातं?” ते म्हणाले. “अर्धा तास वाट बघू. मग पोलीस.”

मग बायको दाराशी आली आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाली, “आत जो कोणी आहेस, तो ऐक. आतापर्यंत जे घेतलं असेल ते जागच्या जागी ठेव. खोटं बोललास तर जास्त शिक्षा होईल.”

चित्रकाराने खरेच हातातला ब्रश जागच्या जागी ठेवला. त्याला रडू यायचे बाकी होते. टेबलावर साळिंदर अजून ओले होते. त्याने पाठीवरचे उरलेले काटे उभ्या उभ्या, दाराकडे कान लावून, थरथरत्या हाताने काढले. साळिंदर घाबरलेले दिसू लागले. गोष्टीत ते घाबरलेलेच होते, म्हणून त्याने तसेच राहू दिले. मग वर्तमानपत्राने वारा घालू लागला. आता भीती पोलिसांची नव्हती, चार वाजण्याची होती.

चार वाजायच्या आधीच संपादिका आल्या. फाटकापाशी कुणी दिसेना म्हणून वरचा गलका ऐकून त्या थेट तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. भिंगातून चित्रकाराला त्यांचा चष्मा दिसला.

“चित्रकार इथेच राहतात ना?” त्यांनी विचारले.

“पहिल्या मजल्यावर,” आई म्हणाली. “पण तो आता चित्रं काढत नाही. नोकरीला लागलाय. चांगल्या मोठ्या कंपनीत आहे.”

“काढत नाहीत? मग चार महिने मला चित्रं कोण देतंय?”

“ते आम्हाला काय माहीत,” आई म्हणाली. “आम्ही तर रंग कधीच माळ्यावर टाकले.”

संपादिकांनी पर्समधून फोन काढला. बॅट हातात धरून सेक्रेटरी दाराकडे बघत होते. चित्रकाराच्या हातात फोन थरथरू लागला. संपादिकांचाच फोन. तो उचलून कुजबुजावे, तर काय कुजबुजावे? मीटिंगमध्ये आहे?

“उचलत नाहीत,” संपादिका कुणाला तरी फोनवर सांगताना त्याला ऐकू आल्या. “काहीतरी घोळ दिसतोय. दुसरा माणूस कुठला ते बघून ठेवा. हो, मालिकेसाठीसुद्धा.”

मालिका हा शब्द कानावर पडला आणि चित्रकाराची सगळी भीती एकदम बाजूला झाली. चोर म्हणोत, खोटारडा म्हणोत, पण साळिंदर दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नव्हते.

“चित्रं तयार आहेत,” तो आतून ओरडला. “कडी काढा.”

बाहेरून आईचा आवाज आला, “अगं बाई, चोर आपल्या ह्याच्यासारखा बोलतोय.”

कडी निघाली. दार उघडले. इस्त्रीच्या शर्टात, नाकाला निळा रंग लागलेला, हातात चित्रांची चळत घेतलेला चित्रकार दारात उभा होता. सेक्रेटरींची बॅट हळूहळू खाली आली.

“तू?” ते म्हणाले. “म्हणजे ऑफिस...”

“हेच ऑफिस,” चित्रकार म्हणाला आणि शिव्या खायला तयार झाला.

पण भलतेच झाले. चोरीचे, परक्या घराचे, खोटेपणाचे कुणी नावच काढले नाही.

“म्हणजे तू सगळे दिवस बिल्डिंगमध्येच होतास?” काकू कळवळून म्हणाल्या. “आणि मी पार्सल घ्यायला ऑफिस बुडवून घरी बसले.”

“मी मोटर बंद करायला दोन मजले चढ-उतार केली,” सेक्रेटरी म्हणाले. “गुडघ्यांची काय दशा झालीय बघ.”

“माझा हात मुरगळला झाकण उघडताना,” आई म्हणाली. “आणि हा इथं वर बसलेला.”

संपादिकांनी या कशातच लक्ष घातले नाही. त्यांनी चित्रे एकेक करून बघितली. साळिंदरापाशी थांबल्या. “हे किती घाबरलंय,” त्या म्हणाल्या. “छान जमलंय. मालिकेचं काम उद्यापासून सुरू करा. आणि मुदत चुकवू नका.” चळत बगलेत मारून त्या जिना उतरूनही गेल्या.

मग बाकीचेही पांगले. जाता जाता काकू म्हणाल्या की उद्या त्यांचा गॅसवाला येणार आहे, आणि सेक्रेटरींनी मोटरची वेळ सांगून ठेवली. चित्रकार सवयीने हो हो म्हणत राहिला.

बायको आत येऊन टेबलापाशी बसली. तिने रंगाची एक बाटली उचलून बघितली.

“पगार कुठून यायचा?” तिने विचारले.

“चित्रांचा.”

“सगळा?”

“सगळा. इथं काम होतं गं. कुणी हाक मारत नाही.”

“म्हणजे चार महिने आपलं घर चित्रांवर चाललं आणि ते मलाच माहीत नव्हतं.” तिला राग आला होता आणि रागाच्या आत दुसरेही काहीतरी होते. “आणि साहेब?”

“साहेब नाहीत.”

“मी त्या माणसाला रोज शिव्या घातल्या.”

“फार उपयोगी माणूस होता,” चित्रकार खरेच हळहळून म्हणाला. “मला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्याला यायचं.”

फोन पुन्हा थरथरला. या खेपेस डॉक्टरबाई. सेक्रेटरींनी त्यांना सगळे कळवून कर्तव्य बजावले होते. चित्रकाराने उभे राहून सगळे कबूल केले, कुंडीसकट. संध्याकाळच्या आत सामान हलवतो म्हणाला.

“हलवतोस कशाला?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बस की तिथंच. झाडं टवटवीत आहेत म्हणे. मी यायला अजून वर्ष आहे. घर वापरात राहील, मलाच बरं.”

चित्रकाराला भरून आले. त्याने बायकोकडे बघून मान हलवली.

“फक्त एक कर,” डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. “स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम करून घ्यायचंय. सोमवारपासून गवंडी पाठवते, मग सुतार, मग रंगवाला. महिनाभर चालेल. आणि माझ्या भावाचं कुत्रं आहे, ते दुपारचं तुझ्याकडे सोडू दे. तू घरीच असतोस ना?”

चित्रकाराचे तोंड हो म्हणायला उघडले. गेली कितीतरी वर्षे ते असेच उघडत आले होते. बायको खुर्चीतून उठली, त्याच्यापाशी आली आणि तिने हात पुढे केला.

“दे इकडे,” ती म्हणाली. “साहेब बोलतायत म्हणून सांग.”