दोन डॅश आणि शेवटची ओळ

"आजपासून या घरातलं काहीही हरवणार नाही!" रविवारी दुपारी चहाचा कप टेबलावर आपटत बघूतरींनी जाहीर केलं. कपातला अर्धा चहा तिथेच हरवला, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बघूतरी हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कुठलंही बटण, झाकण किंवा स्क्रू दिसला की हे गृहस्थ "उघडून बघू तरी!" म्हणत पुढे सरसावतात, म्हणून सासूबाईंनी ते नाव ठेवलं आणि घरीदारी तेच चिकटलं. पोटापाण्यासाठी ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वरून खाली वाचून घ्यायची. शेवटच्या बारीक ओळीशी माणूस अडखळला, की ते दिलदारपणे म्हणतात, "राहू द्या हो! ती ओळ फारशी कुणाला वाचता येत नाही." हे वाक्य आता घरातल्यांनाही पाठ झालं आहे.

तर, हरवू नये असं घरात होतं काय? बायकोची चित्रं! मुलांच्या पुस्तकासाठी ती तीन वर्षं कॉम्प्युटरवर कीटक रंगवत होती, एकेका पायावरच्या केसांसकट. शुक्रवारी ती चित्रं प्रकाशकाकडे जायची होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. म्हणून बघूतरींनी नवी कोरी हार्ड डिस्क आणली आणि रोज आपोआप बॅकअप घेणारा एक प्रोग्राम कॉम्प्युटरवर उतरवून घेतला.

"म्हणजे हा रोज फोटो काढणार?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर, आई! चित्रं जशी असतील तशी, रोजचा एक स्नॅपशॉट. या नव्या डिस्कवर!"

"आणि याचं बटण कुठंय?"

"बटणच नाही! हुकूम टाइप करायचा."

पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत एकच ओळ लिहायची होती. आधी प्रोग्रामचं नाव, मग कुठून, मग कुठे, आणि शेवटी दोन-दोन डॅश देऊन हवे तेवढे ऑप्शन. माहितीच्या पानावर असे साठ-सत्तर ऑप्शन होते. बघूतरींना आनंदाचं भरतं आलं.

"यानं फाइली दाबून लहान होतात. घेतला! यानं फोनवर रोज अहवाल येतो. घेतला! यानं पहिल्या जागी जे नसेल ते दुसऱ्या जागेवरूनही पुसलं जातं. म्हणजे साफसफाई. घेतलाच!"

"पुसलं जातं?" झुरळाच्या चित्राखालची माहिती कागदावर लिहिता लिहिता बायकोनं मान वर केली.

"फालतू गोष्टी गं! आणि हा बघ, तालमीचा. हा लावला की प्रोग्राम काय काय करणार ते नुसतं सांगतो, करत काहीच नाही. आधी तालीम करून बघू तरी!"

तालीम झकास झाली. पडदाभर अक्षरं धावली. एवढ्यात सासूबाईंची स्वयंपाकघरातून हाक आली, "जावईबापू, नळ गळतोय!" आता नळ खोलायची संधी बघूतरी सोडतील? हुकमाची ती ओळ त्यांनी होती तशी रोज सकाळच्या वेळापत्रकात चिकटवली आणि पान्हा घेऊन धावले.

त्यानंतर रोज सकाळी फोनवर लांबलचक अहवाल येऊ लागला. त्यातल्या वरच्या चार ओळी ते दुकानात येईल त्याला वाचून दाखवायचे. बायको ते चार दिवस कागदावर माहिती लिहिण्यातच गुंतली होती, कॉम्प्युटरला तिनं हातही लावला नव्हता. गुरुवारी दुकान बंद असतं. जेवण झाल्यावर त्यांना वाटलं, आपले स्नॅपशॉट दिसतात कसे, बघू तरी!

नवी डिस्क उघडली. रिकामी. ठार रिकामी!

त्यांनी हुकमाची ओळ पुन्हा वाचायला घेतली आणि ते सुरुवातीलाच अडखळले. 'कुठून'च्या जागी त्यांनी नवी डिस्क लिहिली होती. घरात नवी आलेली, तिला पहिला मान! आणि 'कुठे'च्या जागी बायकोची चित्रं. पहिल्या जागी जे नाही ते दुसऱ्या जागेवरून पुसायचं. पहिल्या जागी तर काहीच नव्हतं! चित्रांचा फोल्डर उघडून बघायची हिंमत मात्र बघूतरींना आयुष्यात पहिल्यांदाच झाली नाही.

"सरका जरा, फुलपाखराच्या मिशा राहिल्यात," म्हणत बायको आली. बघूतरींनी टेबलाखाली बुडी मारून प्लग उपटला.

"काय झालं हो?"

"शॉर्ट सर्किट! हात लावू नकोस!"

शॉर्ट सर्किट म्हटल्यावर सासूबाईंनी खालच्या मजल्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर बघितला, फ्यूज बघितले, भिंतीला कान लावला. शेवटी तो टेबलाखाली वाकला.

"साहेब, प्लग तुमच्या हातात आहे."

मग सांगावंच लागलं. बघूतरींनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, प्लग छातीशी धरून. बायको खुर्चीत बसली. "तीन वर्षं..." एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आलेले बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायरमननं हळूच त्यांच्या हातातला प्लग घेऊन बसवला आणि पैसे न मागता निघून गेला.

बायकोनं डोळे पुसले आणि स्वतःच फोल्डर उघडला.

भुंगे होते. चतुर होते. झुरळ होतं. मिशा नसलेलं फुलपाखरूही होतं. झाडून सगळे हजर!

"अगं, पण... असं कसं?" बघूतरींचा जीव भांड्यात पडला, आणि पडताक्षणीच त्यांना उत्सुकता छळायला लागली. "हुकूम तर पुसायचाच होता! मग पुसलं का नाही?"

बायकोनं त्यांचा फोन घेतला, सकाळचा अहवाल वर सरकवत सरकवत थेट तळाशी नेला आणि शेवटची ओळ वाचली. मग उठून तिनं नवऱ्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि फोन समोर धरला.

"वाचा."

"एवढ्या-एवढ्या फाइली पुसणार..."

"खाली."

"खालची ओळ बारीक आहे गं."

"वाचा म्हणते ना!"

"ही... फक्त... तालीम होती. काहीही... बदललेलं नाही."

मग सासूबाईंनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या हो, जावईबापू," त्या दिलदारपणे म्हणाल्या, "ती ओळ फारशी कुणाला वाचता येत नाही!"