मूळ प्रत कोण वाचणार

सोमवारपासून काकू भिंतीशी बोलत होत्या.

"चहा ठेवलाय म्हणावं," त्या भिंतीला सांगत आणि भिंतीशेजारी बसलेले भिंगकाका मुकाट्याने कप उचलत.

काका जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले; 'भिंग' हे नाव तिथलंच. काकूंचा भाऊ दवाखान्यातून बरा होऊन घरी आला, तेव्हा काकूंनी डोळे पुसत पुसत घरच्या ग्रुपवर त्याला चार ओळी लिहिल्या. काकांनी काँप्युटरवरून लगेच खाली टाकलं : 'वरील मजकुरात सहा चुका आहेत. दुरुस्त प्रत देत आहे.' भावाने दुरुस्त प्रतीला अंगठा दिला. तेव्हापासून भिंत.

त्यात काँप्युटर रखडायला लागला. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, नवी ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घ्या. पण टाकण्याआधी फाइल अस्सल आहे का ते बघा. साइटवर आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ असते. तुमच्या फाइलवरून काँप्युटरही तशी ओळ काढतो. दोन्ही जुळल्या की झालं. जुळवणीही काँप्युटरच करेल."

"ज्याचं काम त्यानेच तपासायचं?" काका म्हणाले. "आमच्याकडे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला स्वतःचं मुद्रित तपासू देत नसत. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने बघायचं."

"मग वाचणार कोण?"

या प्रश्नावर काकांनी फोन ठेवला. मूळ ओळ दाखवणारा मोठ्या पडद्याचा फोन घरात एकच होता, आणि तो काकूंचा होता.

"मूळ प्रत कुणी वाचेल का, असं विचारतोय," काका भिंतीला म्हणाले.

काकू फोन घेऊन आल्या. "फक्त ओळ वाचीन म्हणावं. वर एक शब्द नाही."

"सात," काकूंनी सुरुवात केली, एखाद्याला दम द्यावा तशी.

"इथे दोन."

"बी."

"इथे नऊ. पुढे."

एकही अक्षर धड जुळेना, तरी काकांनी ओळ शेवटपर्यंत वाचून घेतली. अर्ध्यावर मुद्रित सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काकूंनी मुलीला कळवलं. उत्तर आलं : 'अर्धवट उतरली असेल, परत उतरवा. आणि आई, पहिल्याच अक्षराला थांबायचं ना! फाइलमध्ये कणभर फरक असला तरी अख्खी ओळ बदलते. एखाददुसरंच अक्षर चुकलंय, असं कधी होत नाही.'

बोलणं बंद असल्यामुळे ही माहिती घरात पुढे गेली नाही. काकू भिंतीला एवढंच म्हणाल्या, "परत उतरवा म्हणावं."

दुपारी दुसरी फाइल उतरली. सात जुळला, बी जुळला. शून्यं जुळली. वाचता वाचता काकूंचा आवाज सैल होत गेला.

"एफ, तीन... अहो, मान वाकडी करून काय बघताय? खुर्ची घ्या पुढे."

काकांनी खुर्ची पुढे घेतली. हे वाक्य भिंतीला नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ओळ संपत आली होती, हेही आलं. ती संपली की काकू फोन उचलून आत जाणार आणि बाहेर पुन्हा भिंत.

"नऊ," काकू म्हणाल्या. "संपलं."

काँप्युटरच्या पडद्यावरही नऊच होता.

"इथे चार आहे," काका म्हणाले.

"एकच अक्षर चुकलंय?"

"एकच."

"बाकी अख्खी ओळ जुळली?"

"जुळली. पण नियम म्हणजे नियम."

काकूंनी फोनवरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं. माणसाला सवय नसली की साधी थापही नीट मारता येत नाही. काकांचे कान लाल झाले होते.

"मग पहिल्यापासून घ्यायला हवं," काकू म्हणाल्या.

"हवं तर खरं."

"आधी चहा टाकते. तुम्ही तोवर चष्मा पुसा."

चहा झाला. काकूंनी फोन हातात घेतला.

"सात."

"सात."

"बी."

"बी."

"पाच."

पडद्यावर शून्य होतं. काकूंच्या फोनवरही शून्यच होतं, आणि काकू चष्म्याच्या वरून काकांकडे बघत होत्या. काकांचा हात सवयीने टेबलावरच्या लाल पेन्सिलीकडे गेला, थोडा घुटमळला, आणि पेन्सिल बाजूला सारून कपाकडे वळला.

"बरोबर," काका म्हणाले. "पुढे."