नऊ नंबरच्या खणातले बाबा

भिंतीवरून फोटो उतरवताना थोरली म्हणाली, "उद्या परत खिळ्यावर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणाला म्हणजे आईला," खाली स्टूल धरून उभा असलेला धाकटा म्हणाला. "बाकी कुणाला काय पडलंय."

आई दोन दिवसांसाठी मावशीकडे गेली होती. बाबा गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत तिने एक नेम धरला होता. सकाळी उठायचे, मऊ फडक्याने बाबांच्या फोटोची काच पुसायची, काहीतरी पुटपुटायचे आणि मगच चहा घ्यायचा. मावशीकडे फोटो नव्हता, म्हणून तिथे ती चहाच घेत नसे. तिच्यासमोर बसून मावशीलाही चहा गोड लागत नसे. त्यामुळे मावशी तिला दोन दिवसांहून जास्त राहायचा आग्रह कधी करत नसे.

फोटो होताही तसाच. बाबा कुलपं-किल्ल्यांचा धंदा करीत. आयुष्यभर इतके बारीक काम डोळ्यांजवळ धरून केलेल्या माणसाचा चेहरा आखडलेलाच राहायचा. हसताना त्यांचा एकच फोटो निघाला. त्यांच्या लाडक्या फुटबॉल टीमने करंडक जिंकला त्या संध्याकाळी शेजारच्या फोटोवाल्याने दुकानाच्या दारात काढलेला. त्यात बाबांची अक्कलदाढसुद्धा दिसत होती. फोटोवाला गेला, त्याचे दुकान गेले, आणि आता जगात तेवढी एकच प्रत उरली होती.

इतके वेड असून बाबांनी स्टेडियम आतून कधी पाहिले नाही. मॅचच्या दिवशी लोक घाईघाईने निघत, किल्ली आत विसरत आणि दार ओढून घेत. सगळे गाव स्टेडियमकडे पळत असे आणि बाबा पिशवी घेऊन उलट्या दिशेने कुणाकुणाची दारे उघडत फिरत. कानाला रेडिओ. "नऊला दे, अरे नऊला दे," असे ते कुलपाशीच बोलत.

तेव्हा दोघा भावंडांनी ठरवले, की बाबांना एकदा स्टेडियम दाखवून आणायचे.

शनिवारी सकाळी अकराच्या स्टेडियम-दर्शनाच्या फेरीत चौदा माणसे होती. गाईड पाठ केलेले बोलणारा होता. प्रत्येक दारात थांबून तो म्हणे, "कशालाही हात लावू नका. बाकी सगळं तुमचंच आहे." थोरलीने फोटो छातीशी धरला होता, काच बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाबांना दिसावे. गवताच्या कडेला ती मिनिटभर थांबली. एका बाईने तिला वाट करून दिली. दुसऱ्या एकाने टोपी काढली. इथपर्यंत सगळे नीट चालले होते.

मग ड्रेसिंग रूम आली. प्रत्येक खेळाडूला बसायला एक बाक, वर शर्टाची खुंटी आणि त्याच्यावर घड्याळ-अंगठी ठेवायला लाकडी खण. सगळे खण बंद. फक्त नऊ नंबरचा उघडा.

"गेल्या अकरा मॅचमध्ये याचा एक गोल नाही," मागून कुणीतरी म्हणाले. "आत ठेवण्यासारखं असणार काय त्याच्याकडे."

गाईड बाकीच्यांना घेऊन मैदानात उतरायच्या बोगद्याकडे निघाला. दोघे मागे रेंगाळली.

"ताई, बाकावर ठेव, मी फोटो काढतो."

"बाकावर कलंडतोय. थांब, वर खणात ठेवते. बघ, कसा मापात बसला."

खरोखरच मापात बसला. नऊ नंबरच्या शर्टावर हसणारे बाबा. धाकटा मोबाईल डोळ्यांसमोर धरून मागे सरकला, आणखी मागे सरकला, वळला आणि त्याच्या पाठीवरची पिशवी खणाच्या दाराला लागली.

खट.

दुसऱ्या कुणाला तो नुसता आवाज वाटला असता. ही दोघे कुलपांच्या दुकानात लहानाची मोठी झाली होती.

"स्प्रिंगचं," थोरली म्हणाली.

"तीन पात्यांचं," धाकटा म्हणाला. "दाबलं की लागणारं."

"गाईडला बोलाव."

"बोलावून काय सांगू? हात लावू नका म्हणत होतात, आम्ही वडील ठेवलेत?"

थोरलीने केसातून पिन काढली. बाबांनी दोघांनाही शिकवले होते. 'आपल्या घरात कुलूप तोडत नाहीत, त्याची समजूत काढतात,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. धाकट्याचा हात हलका होता, हे बाबांनीच सांगितले होते. पण पिन थोरलीची होती आणि ती तीन वर्षांनी मोठी होती.

"डावीकडे घे."

"मला शिकवू नकोस."

"दुसरं पातं उचललं गेलंय. आता दाबू नकोस. ताई, दाबू नकोस म्हटलं ना."

पिन तुटली. अर्धी हातात राहिली, अर्धी कुलपात. म्हणजे आता खरी किल्ली आली असती तरी आत जाणार नव्हती.

दारात गाईड उभा होता. "चौदा होते, बारा झाले," तो म्हणाला, आणि थोरलीच्या हातातल्या अर्ध्या पिनेकडे बघत राहिला. यापुढचे काही त्याने पाठ केलेले नव्हते.

त्याने व्यवस्थापक बाईंना बोलावले. बाई रजिस्टर घेऊनच आल्या. त्यांना आधी लिहिण्याची सवय होती, ऐकण्याची नंतर.

"आत काय राहिलंय?"

"बाबा," थोरली म्हणाली.

बाईंनी लिहिले. "वय?"

"एक्काहत्तर. पण फोटोत पंचेचाळीस."

बाईंचे पेन थांबले. मग त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकली, खोडाखोड केली आणि स्टेडियमच्या कुलूपवाल्याला फोन लावला.

कुलूपवाला तासाभराने आला. म्हातारा होता, पिशवी बाबांच्यासारखीच. त्याने बॅटरी लावून भोकात पाहिले.

"कुणी केलं हे?"

थोरलीने अर्धी पिन मुठीत मिटली.

"शिकलेल्या माणसाचं काम आहे," म्हातारा म्हणाला. "न शिकलेल्याची पिन इतकी आत जात नाही."

एवढ्या पेचातही थोरलीला बरे वाटले. धाकट्याला वाटले नाही. कुलूपवाल्याच्या मते आता समजुतीची वेळ टळली होती, दाराला ड्रिल मारावे लागणार होते. व्यवस्थापक बाईंनी रजिस्टर मिटले.

"उद्या मॅच आहे. मॅचच्या आदल्या दिवशी खेळाडूच्या जागेवर खडखडाट नको. त्यातून नऊ नंबरच्या. आधीच त्याचं तोंड बघवत नाही. सोमवारी या."

"आमची आई उद्या येतेय," थोरली म्हणाली.

"त्यांनाही घेऊन या सोमवारी."

दोघे घरी आली. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याखाली, उन्हाने बाकीचा रंग उडालेल्या भिंतीत, एक गडद चौकोन. नुसता चौकोन फोटोपेक्षा जास्त उठून दिसत होता. धाकट्याने स्वयंपाकघरातले कॅलेंडर आणून तिथे टांगले. चौकोन झाकला गेला.

"विचारलं तर सांगू, काच बदलायला दिलाय," धाकटा म्हणाला.

"तिच्याशी खोटं तू बोल. मला जमत नाही."

"मलाही नाही जमत. म्हणून तर ठरवून ठेवतोय."

रविवारी मॅचचा पूर्वार्ध संपायच्या सुमारास आई आली. पिशवी ठेवली, हात धुतले. दोन दिवसांत चहा नव्हता, त्यामुळे डोके दुखतच असणार. फडके घेऊन ती सरळ भिंतीपाशी गेली. दोघांनी टीव्हीकडे असे डोळे लावले, जणू पापणी लवली तर गोल होईल.

"हे काय आहे?" आई म्हणाली.

"कॅलेंडर," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंय मला. ते कुठं गेले?"

धाकट्याने काचेचे वाक्य सुरू केले, मध्येच अडखळला आणि थोरलीकडे पाहिले. थोरलीने सगळे सांगून टाकले. स्टेडियम, खण, पिशवी, पिन, रजिस्टर. पिन कुणाची होती हे सांगताना ती थोडी अडखळली, पण सांगितले. आई हातात फडके धरून ऐकत होती.

तेवढ्यात टीव्हीवर गलका झाला. नऊ नंबरने गोल केला होता. अकरा मॅचनंतर पहिला. धाकटा अर्धा उठला, आईचा चेहरा बघून पुन्हा बसला. उत्तरार्धात नऊ नंबरने दुसरा केला. धाकटा या वेळी उठलाच नाही, नुसते सोफ्याचे हँडल आवळून धरले.

मॅच संपल्यावर पाऊण तासाने फोन वाजला. गाईड होता. धाकट्याने स्पीकर लावला.

"एक विनंती आहे," गाईड म्हणाला. आता तो पाठ केलेले बोलत नव्हता. "मॅचआधी खण उघडत नाही म्हणून नऊ नंबरनं चौकशी केली. मी सांगितलं, आत एक गृहस्थ आहेत, आपल्या टीमचे फार मोठे चाहते, हसतायत. त्यानं खणाला हात लावला आणि गेला. पुढचं तुम्ही पाहिलंच. आता तो म्हणतो, ड्रिल मारायचं नाही. सगळी टीमच म्हणतेय. तुमच्या वडिलांना तिथं राहू देता का?"

"नाही," थोरली म्हणाली. "तो एकच फोटो आहे हो. आई रोज सकाळी त्याच्याकडे..."

"दे इकडे," आई म्हणाली आणि तिने मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. "त्यांची बायको बोलतेय. राहू द्या तिथंच."

दोन्ही मुले तिच्याकडे बघत राहिली.

"अगं, पण आई, हसताना तेवढा एकच..."

"कशाला हसतायत माहितीय का?" आई शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. मी नवे कपडे घालून बसले होते. हे घरात आले ते असे, सगळे दात दाखवत. मला वाटलं, आठवलं. म्हणाले, जिंकलो. आणि रेडिओचे सेल घेऊन परत दुकानात."

"मग तू रोज सकाळी काय पुटपुटायचीस?"

"काच पुसायची आणि विचारायचं, आठवली का तारीख. दुसरं काय."

फोनवर गाईडने घसा साफ केला.

"माझी एक अट आहे," आई त्याला म्हणाली. "तुमच्या त्या नऊ नंबरला सांगा, मैदानात उतरण्याआधी खणाचं दार ठोठावायचं आणि विचारायचं, आज तारीख कोणती. मला आता गुडघ्यांमुळे रोज स्टुलावर चढवत नाही."

गाईडने ते लिहून घेतले, दोनदा वाचून दाखवले आणि फोन ठेवला. आईने फडके घडी करून कपाटात ठेवले.

"चहा टाक गं," ती थोरलीला म्हणाली. "दोन दिवसांचा टाक."

टीमचे पुढे बरे चालले. सात महिन्यांनी आईनेच तारीख ठरवली आणि मुलांना घेऊन स्टेडियमच्या फेरीला गेली. गाईड आता नवा होता, पण वाक्य जुनेच होते. ड्रेसिंग रूममध्ये नऊ नंबरपाशी तो थांबला.

"हा खण कधीच उघडत नाहीत. प्रत्येक मॅचआधी सगळे खेळाडू रांगेनं येऊन हे दार ठोठावतात आणि आजची तारीख विचारतात. आपल्या टीमची फार प्राचीन परंपरा आहे. सुरुवात कुणी केली, कुणालाच माहीत नाही. कृपया हात लावू नका."

आई पुढे झाली. तिने बोटाच्या पेराने दारावर दोनदा वाजवले.

"आज आहे," ती म्हणाली.

"काय आहे आज, आजी?" गाईडने विचारले.

आई जरा वेळ दाराला कान देऊन उभी राहिली. मग मागे वळली.

"काही नाही," ती म्हणाली. "अजून हसतच असतील. चला, इथं चहा कुठं मिळतो?"