शाल मिळाली का?

तुमच्या ऑफिसातून शेवटचं कोण निवृत्त झालं, नाव सांगता येईल? आमच्या मजल्यावरचे विलासकाका हा प्रश्न कोणालाही विचारतात. माझ्या ताईला स्थळ आलं, तेव्हा मुलाचा पगार, घर सोडून त्यांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत निरोपाची शाल कोणाला मिळाली का हो?" मुलगा गोंधळला. काका बाबांच्या कानात म्हणाले, "नोकरी कच्ची आहे." लग्न झालं, ते वेगळं.

काका ठाण्यातल्या एका कंपनीत अठरा वर्षं होते. गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी घरी फोन आला, आजपासून येऊ नका. मी पेटले. दुपारपर्यंत पत्रक तयार, पहिल्याच ओळीत 'भांडवली क्रौर्य'. काकांनी चष्मा लावून वाचलं. "जोर आहे, क्रांतीबाई. फक्त माझं नाव काढ. मला अजून नोकरी शोधायचीये."

चार महिन्यांनी एका कंपनीने जुन्यापेक्षा जास्त पगार देऊ केला. काकांनी तिथेही शालीचं विचारलं. समोरची मुलगी हसली. "सर, आमची कंपनीच सहा वर्षांची आहे. इथे कोण म्हातारं होणार?"

काका आभार मानून उठले आणि कोपरीतल्या एका जुन्या शाळेत कारकून म्हणून लागले. पगार निम्मा.

"अहो, आणि आपल्या नंदूचं कॉलेज?" काकूंनी विचारलं.

"तिथल्या शिपायाला सदतीस वर्षं झाली," काका म्हणाले. हेच उत्तर.

मी मात्र सुनावलं. आधी माणसाला घाबरवायचं, मग तो स्वस्तात मिळतो, हीच तर व्यवस्था आहे.

"बरोबर आहे गं तुझं. पण ती बदलेपर्यंत मला बसायला खुर्ची लागेल ना."

तो शिपाई यंदा निवृत्त झाला. काकांनी मानपत्र माझ्याकडून लिहून घेतलं, भाषण स्वतः ठोकलं. मुख्याध्यापकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. नंतर खुर्च्या उचलताना मी विचारलं, "काका, एवढी काय हौस?"

"जुन्या कंपनीत रोज निघताना लिफ्टमनला 'येतो रे' म्हणायचो. त्या शेवटच्या शुक्रवारीही म्हणालो असेन. नोकरी गेली ती गेली. पण तिथून मी निघालोच नाही, असं वाटत राहतं."

मला पत्रकातलं एकही वाक्य आठवेना.

तुमच्याही इमारतीत असं नोकरी गेलेलं कोणी असेल. त्याला नव्या जागा सुचवण्याआधी घरी बोलवा, चहा ठेवा आणि जुन्या नोकरीत तो नेमकं काय काम करायचा, ते विचारा. त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.