हिरव्या डोक्याचा व्याही

केस रंगवायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. (आमच्या घरात कल्पना बायकोच्या, म्हणजे तूबाच्या असतात, डोकं तेवढं माझं वापरलं जातं.)

झालं असं, की आमच्या थोरल्या महलकाला मागणी घालायला हाजी फत्हअलींच्या घरची मंडळी गुरुवारी संध्याकाळी यायची होती. हाजींचं यज्दच्या बाजारात जरीच्या कापडाचं दुकान. मुलगा बहराम शिकलेला, देखणा, आणि मुख्य म्हणजे महलकाला आवडलेला. अगदी गुपचूप हं! म्हणजे फक्त तिची आई, मावश्या आणि अर्धी गल्ली एवढ्यांनाच ठाऊक. स्थळ हातचं गेलं असतं तर पोरगी जेवली नसती आणि तूबाने मला जेवू दिलं नसतं.

आदल्या दिवशी मध्यस्थीण सकीनाखाला आली आणि जाता जाता दारात थबकून म्हणाली, "हाजींच्या आई विचारत होत्या, पोस्टाच्या खिडकीत बसतात तेच ना मुलीचे वडील? केस अगदी पांढरेशुभ्र आहेत म्हणे. वय काय हो त्यांचं?"

खाला गेली आणि तूबा माझ्याकडे वळली. मी जणू मुद्दाम, तिचा सूड उगवायला, म्हातारा झालो होतो.

"बघितलंत? खोट काढली त्यांनी!"

"अगं, लग्न पोरीचं आहे. माझं नाही."

"तुम्ही गप्प बसा. उद्या सकाळी हमामात जायचं. मेंदी मी भिजवून देते."

आता केस काळे करायचे तर आमच्याकडे दोन हात द्यावे लागतात. आधी मेंदी. ती मुरली की केस लालभडक होतात. मग त्यावर निळीच्या पाल्याची पूड कालवून थापायची, की कोळशासारखे काळे. मेंदी न मुरता नीळ लावली तर काय होतं, ते यज्दमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं.

हमामातल्या उस्ता रमजानने माझ्या डोक्यावर मेंदीचा डोंगर रचला, "दुपारच्या बांगेपर्यंत डोक्याला पाणी लागू देऊ नका" असं बजावलं आणि तो चहा प्यायला गेला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हमामात आलेला माणूस आधी येऊन बसलेल्या मोठ्या माणसावर कोमट पाणी ओततो. मान द्यायची रीत आहे ती. नको म्हणणं म्हणजे ओतणाऱ्याच्या थोबाडीत मारणं. मला ही अडचण कधी आलीच नव्हती, कारण माझ्यावर आजवर कुणी थेंबही ओतला नव्हता. तिकिटं चिकटवणाऱ्या कारकुनाला कोण मान देतो! पण त्या दिवशी हाजींची मंडळी आमच्याकडे येणार ही बातमी माझ्या आधी हमामात पोचली होती.

पहिला आला नानवाला. "हश्मत आगा, मुबारक!" असं ओरडून त्याने भांडं भरलं आणि सरळ डोक्यावर रिकामं केलं.

"अरे अरे, कशाला त्रास घेतलात!" मी म्हणालो. (याचा अर्थ 'थांब गाढवा' असा होता.)

"त्रास कसला? हे घ्या आणखी एक!"

मग आले मास्तर. मग तो तांबट, ज्याचं पार्सल माझ्या हातून हरवल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. त्याने तर दोन भांडी ओतली. खरं सांगू? मला फार बरं वाटत होतं. इतका मान माझ्या बापालाही मिळाला नव्हता. मेंदी गालांवरून ओघळत होती आणि मी डोळे मिटून "उपकार झाले, उपकार झाले" म्हणत होतो.

आणि मग वाफेतून साक्षात हाजी फत्हअली आले.

"हाजी, तुम्ही बसा, मी ओततो," मी धडपडून उठलो.

"छे छे! मुलीचे वडील तुम्ही. मान तुमचा."

"असं कसं? तुम्ही हज करून आलेले."

"शपथ आहे तुम्हाला!" असं म्हणून त्यांनी भांडं बाजूला ठेवलं आणि बादलीच उचलली.

उरलीसुरली मेंदी मोरीतून वाहून गेली. उस्ता रमजान परतला तेव्हा माझं डोकं स्वच्छ होतं. "धुतलंत पण? बरं. नीळ लावू?" त्याने विचारलं. हाजी माझ्या मांडीला मांडी लावून बसलेले. तुमच्या बादलीने माझी मेंदी वाहून गेली, हे त्यांच्यादेखत कसं बोलणार? थोडी तरी मुरली असेल, अशी मनाची समजूत घातली आणि म्हणालो, "लाव."

घरी आल्यावर तूबाने टॉवेल काढला आणि मटकन खाली बसली.

"या अल्ला! मशिदीचा घुमट दिसतोय!"

"पण केस बघ किती मऊ झालेत. हात लावून तरी बघ."

"पोपटही मऊ असतो!"

महलका दारात उभी होती. आधी तिला हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. "बाबा, आता ते नाहीच म्हणणार," ती म्हणाली. मला आपलं डोकं उपटून विहिरीत टाकावंसं वाटलं.

संध्याकाळी मी कानापर्यंत लोकरीची टोपी ओढून बसलो. ऐन उन्हाळा. घामाच्या धारा लागलेल्या. शेजारी तूबाचा थोरला भाऊ नुस्रत, पांढऱ्याशुभ्र केसांचा, पाहुण्यांच्या आधीच मिठाई संपवत बसलेला. मंडळी आली, चहा आला, महलकाने तबक फिरवलं, बहरामने पेला उचलला. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात हाजींच्या आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आगा, टोपी काढा बघू."

"सर्दी आहे, खानम."

"काढा हो. तुमचे पांढरे केस बघायलाच आलेय मी. आमच्या घरात वडीलधारा पुरुष उरला नाही. हाजीचे वडील गेले, काका गेले. दुआ देऊन बोलण्यांचा पहिला शब्द बोलायचा कुणी? तुम्हाला पोस्टात पाहिलं आणि म्हटलं, वा, मुलीच्या बापाचंच डोकं कसं भारदस्त आहे! म्हणून तर सकीनाकडे वय विचारलं."

मी तूबाकडे पाहिलं. तूबा छताकडे पाहत होती.

टोपी काढली. बहरामच्या हातातला चहा सतरंजीवर सांडला. मग हाजी पुढे वाकले, निरखून पाहिलं आणि कपाळावर हात मारून ओरडले, "अरेरे! ही माझी बादली!"

झालं! हाजी हसायला लागले, बहराम हसला, महलकाने ओढणीत तोंड लपवलं तरी तिचे खांदे हलत होते. म्हातारीने डोळे पुसत माझ्या केसांवरून हात फिरवला. "मऊ मात्र छान झालेत," ती म्हणाली. "डोकं हिरवं झालं तरी चालेल, पण समोरच्याचा मान मोडायचा नाही! अशा घरची मुलगी सोडायची नाही रे, फत्हअली. तोंड गोड करा!"

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. फक्त पहिला शब्द बोलायला म्हातारीने नुस्रतला बसवलं. "हिरव्या डोक्याच्या माणसाने दुआ दिली तर पोरं हसतील," म्हणाली. नुस्रत तेव्हापासून जो ताठ झालाय, तो अजून वाकलेला नाही.

महलका सुखात आहे. मी मात्र त्या दिवसापासून मेंदीचं नाव काढलं नाही. केस जपले, वाढवले, बर्फासारखे पांढरे केले. धाकटीच्या वेळी पहिला शब्द माझाच, असं तूबाकडून कबूलच करून घेतलं होतं.

मागच्या शुक्रवारी धाकटीला मागणी घालायला मंडळी आली. मी टोपी न घालता मधोमध बसलो. मुलाच्या आजीने माझ्याकडे आदराने पाहिलं, मान लववली आणि तूबाला विचारलं, "आजोबा तर भेटले. मुलीचे वडील कधी येणार?"

तूबा उठून स्वयंपाकघरात गेली आणि थोड्याच वेळात भिजवलेल्या मेंदीचा वास आला.