शाणूकाकांची जीभ

शाणूकाका माती खातात. दचकू नका, गिळत नाहीत. चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात, थुंकतात आणि निकाल देतात, "अजून गोडी येवक नाय!"

आमच्या चोपडे गावाची ही शेती म्हणजे खाजन. पूर्वजांनी चिखलाचा बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यातून सोडवलेली जमीन. बांधात एक लाकडी दार आहे. भरतीला ते बंद करायचं, ओहोटीला उघडायचं, हे काम काकांचं. पावसाने मातीतलं मीठ धुतलं गेलं की भात पेरायचा. घाई केली तर बियाणं जळतं. म्हणून काका 'पेरा' म्हणेपर्यंत गावात कोणी मूठ उघडत नाही.

गर्व तर विचारूच नका! पाहुणा आला की त्याला चहाआधी बांधावर नेणार. "बाकीच्यांका जमीन देवान दिली. आमका देवान नदी दिली, जमीन आमीच केली!" सख्ख्या पुतण्याच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या, तेव्हा हे महाशय दार लावायला पसार. मी चिडवायचो, "काका, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना?"

"तां जेवणातलां. ह्यां कामाचां!"

यंदा मात्र निकाल लांबला. पाऊस धो धो, शेजारच्या गावात हिरवळ, आणि काका रोज "थांबा". लोक कुरकुरू लागले. काकाही हल्ली पाववाल्या पोदेराचा गरम उंडा अर्धा टाकून उठायचे. शेवटी मीच तावातावाने बांधावर गेलो. "काका, काय मुहूर्त शोधताय?"

ते खाली वाकले. मग चिमूटभर माती माझ्यापुढे धरली. "तू चाख. पावसाआधी ताप इलो, तेवापासून माका कसलीच चव लागणा नाय. खंयच्या तोंडान सांगू गावाक?"

इतकी वर्षं याच मातीवरून हसलो होतो. जिभेवर ठेवली. खरखरीत, थंड. मीठ नव्हतं.

"गोड आहे, काका."

"परत चाख. सगळ्या गावाचां बियाणां आसा."

परत चाखली. "गोड."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि गावाच्या दिशेने ओरडले, "पेरा!"

आता खाजन पोपटी झालंय. मी कोणाला काही बोललो नाही. पण रोज सकाळी माझ्या पायरीवर केळीच्या पानात बांधाजवळची चिमूटभर माती असते, खारं पाणी झिरपतंय का बघायला. शेजारी तोंड गोड करायला गरम उंडा. आणि कुंपणापाशी उभे राहून काका माझ्या तोंडाकडे बघत असतात.