तळमजल्याचा खोकला

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नसीमाताई लिफ्टमध्ये कुणी भेटलं की नमस्कार करत नाहीत. आधी त्याचा खोकला ऐकतात. पर्समध्ये चष्म्याशेजारी झाकणाची प्लास्टिकची डबी कायम तयार असते.

नातवंडांनो, तुम्ही तिकडे टोरांटोला. इथे नोएडात हिवाळा आला की सगळेच खोकतात. सोसायटीचे सेक्रेटरी चढ्ढाजी प्रत्येक खोकल्याला एकच उत्तर देतात, "पोल्यूशन है जी." नसीमाताई भडकतात. "पोल्यूशन तो बस दरवाज़ा खोलता है, भाईसाहब! अंदर कौन घुसा, वो कौन देखेगा?"

आत कोण घुसलं हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूळच्या सोलापूरच्या, दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत जिवाणू तपासता तपासता रिटायर झाल्या. फुप्फुसात शिरणाऱ्या जिवाणूंबद्दल त्या नातेवाइकांसारखं बोलतात. न्यूमोकॉकस कायम जोडीनं फिरतो, "आणि जोडी असून भांडत नाही." हिमोफिलस सिगरेटवाल्यांच्या छातीत भाडेकरू म्हणून येतो आणि खोली सोडत नाही. क्लेब्सिएला जाडजूड कोट घालून हिंडते. मायकोप्लाझ्माला तर भिंतच नाही. "बिल्डर नोएडाचा असणार! पेनिसिलिन येतं भिंत पाडायला. पाडणार काय?"

गेल्या हिवाळ्यात मी लिफ्टमध्ये खोकले. रुमाल धरून, हळूच. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला तसंच शिकवलं होतं.

"शालू, हा घशातला नाही. तळमजल्याचा आहे. ताप?"

"थोडासा."

"सकाळी येते. काही खाऊ नकोस."

सकाळी डबी घेऊन हजर. "नुसत्या पाण्यानं चूळ भर. आता खोल श्वास घे आणि मुळापासून खोक. थुंकी नको, बेडका हवा."

बेडका म्हणजे छातीतून सुटून येणारा कफ. हा शब्द तुमच्या बाबाला येत नाही, आणि मला येत असला तरी मी तो कधी तोंडाबाहेर काढलेला नाही.

मी नाजूकपणे जे दिलं ते त्यांनी उजेडात धरलं. "ही लाळ. हा गेटवरचा गार्ड झाला. मला आतला माणूस हवाय. एवढी शिकलेली बाई, आणि खोकता येत नाही?"

रागानं मी अशी खोकले की बाल्कनीतली कबुतरं उडाली.

"शाब्बास!"

डॉक्टर झाले, एक्स-रे झाला. न्यूमोनियाच होता, आणि रिपोर्टात तेच जोडीनं फिरणारे. मी घाबरले. तुमच्या बाबाला फोन करू का, असं विचारलं तर नसीमाताई म्हणाल्या, "कर की. तोवर मी आहे." औषध सुरू झालं आणि त्या रोज सकाळी डबी घेऊन येऊ लागल्या. "बघू, रंग बदलला का?" रंग बघून झाला की हात धुऊन चहा. चहा झाला की आणखी अर्धा कप.

मग मी बरी झाले.

"आज काही?" त्यांनी दारातून विचारलं.

"काहीच नाही. छाती मोकळी."

"छान," त्या म्हणाल्या, पण डबी हातात फिरवत तशाच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर, "नको, आता काय काम?" वळता वळता म्हणाल्या, "आमचे साहेब रोज सकाळी खोकायचे. मी चिडायचे. आता सकाळ झाली हे सांगायला घरात कुणी नाही बघ."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. चहाला बोलावलं, तर उत्तर ठरलेलं, "काम असल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही."

नुसत्या चहानं त्या येणार नव्हत्या. शेवटी एका संध्याकाळी मी दार उघडं ठेवलं, त्यांच्या दाराकडे तोंड केलं आणि खोकले. अगदी मुळापासून.

सकाळी बेल वाजली. नसीमाताई. हातात डबी.

"खोटा होता," त्या म्हणाल्या. "जन्मभर खोकलेच ओळखलेत मी. मला फसवतेस?"

"मग आलात कशाला?"

"म्हणून तर डबी भरूनच आणली." आत लालभडक सोलापुरी शेंगाचटणी होती. "कोरी डबी आहे गं, तोंड वाकडं करू नकोस. चहा टाक."